हेली बार्बर: लॉबिस्ट ते गव्हर्नर

नमस्कार श्रोतेहो. २९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यावर आदळलं. किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्र २७-२८ फुटांपर्यंत चढला. तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते हेली बार्बर. त्यांचा मूळ धंदा लॉबिंग.

लॉबिस्टचं काम म्हणजे कायद्याचा मसुदा पक्का होण्याआधी ग्राहकाचं म्हणणं खासदारांच्या आणि खात्यांच्या कानी घालणं. अमेरिकेत हे नोंदणी करून, मिळकत जाहीर करून उघडपणे चालतं. मिसिसिपीतल्या याझू सिटीत १९४७ला जन्मलेले बार्बर वकील झाले. १९८२ला सिनेटची निवडणूक हरले, मग राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये कामाला गेले. १९९१ला त्यांनी लॉबिंग कंपनी काढली. सिगारेट कंपन्या तिच्या मोठ्या ग्राहक. १९९३ ते १९९७ ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. १९९४ला पक्षाला प्रतिनिधिगृहात ४० वर्षांनी बहुमत मिळालं ते त्यांच्याच काळात. २००३ला ‘लॉबिस्ट’ हा शिक्का माथी असूनही ते गव्हर्नरपदी निवडून आले.

वादळानंतर हा शिक्काच कामी आला. सरकारी पैसा कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या सिनेटच्या विनियोग समितीचे अध्यक्ष थॅड कॉक्रन मिसिसिपीचेच. डिसेंबर २००५मध्ये पाच राज्यांसाठी ११.५ अब्ज डॉलर मंजूर झाले. त्यातले पाच अब्जांहून अधिक मिसिसिपीने नेले. लुइझियानाचं नुकसान कितीतरी मोठं, तरी तिला मिळाले ६.२ अब्ज. कोणाचं दार कधी ठोठवायचं, हे बार्बर यांना पक्कं ठाऊक होतं.

पण पैसा आणणं वेगळं आणि वाटणं वेगळं. अमेरिकेत घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. त्यासाठी निराळी पॉलिसी लागते. सरकारी नकाशात पूररेषेबाहेर असलेल्या अनेकांनी ती घेतलीच नव्हती. पहिल्या टप्प्यात अशाच, साधा विमा असलेल्या घरमालकांना दीड लाख डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं. भाडेकरू बाहेर, विमा नसलेले बाहेर. ज्यांचं छप्पर पाण्याने नव्हे तर वाऱ्याने गेलं, तेही बाहेर. आता वारा आधी की पाणी, हे पडक्या भिंतीला विचारायचं कसं? पुढे घरांसाठीच्या निधीतले सुमारे ५७ कोटी डॉलर गल्फपोर्ट बंदराकडे वळवले, तेव्हा गृहनिर्माण संघटना कोर्टात गेल्या. २०१०च्या तडजोडीत राज्याला वंचितांसाठी सुमारे १३ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

कॅसिनोंचं काम मात्र झटपट उरकलं. तोवर ते कायद्याने तरंगत्या तराफ्यांवरच असत, आणि वादळाने ते तराफे उचलून किनाऱ्यावर फेकले होते. ऑक्टोबरमध्येच कायदा झाला: पाण्यापासून ८०० फुटांच्या आत जमिनीवर बांधा.

जानेवारी २०१२मध्ये पद सोडताना त्यांनी सुमारे २०० जणांना माफी दिली. त्यांत गव्हर्नरच्या निवासस्थानी राबणारे, खुनाची शिक्षा झालेले चार कैदीही होते. माफी मागणाऱ्याने ३० दिवस वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, अशी राज्यघटनेची अट. अनेकांनी ती पाळली नव्हती, म्हणून ॲटर्नी जनरलनी आव्हान दिलं. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी माफी कायम ठेवली. तोवर बार्बर आपल्या जुन्या लॉबिंग कंपनीत परतलेही होते.