पुएर्तो विएहोला गेलात तर कोणाच्या घरी जेवाल?

नमस्कार मंडळी! आज मी तुम्हाला कोस्टा रिकाला घेऊन जाणार आहे. मध्य अमेरिकेतला छोटासा देश, एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, आणि १९४८ मध्ये स्वतःचं सैन्यच बरखास्त करून टाकलेला. बहुतेक टुरिस्ट पॅसिफिकच्या बाजूला जातात, मोठमोठे रिसॉर्ट तिकडेच आहेत. मला मात्र तुम्हाला न्यायचंय पलीकडे, पार खाली पनामाच्या बॉर्डरजवळ, तालामांका भागातल्या पुएर्तो विएहो नावाच्या गावात.

राजधानी सान होसेहून थेट बस मिळते. चार-साडेचार तास धरा, आणि पाऊस असला तर जास्तच धरा, कारण रस्ता ब्राउलिओ कारियो नॅशनल पार्कच्या घाटातून जातो आणि दरड कोसळली की तो बंद पडतो. घाट उतरला की हवा एकदम दमट होते, स्वेटर काढावा लागतो, मग केळीच्या बागा, मग लिमोन बंदर आणि तिथले कंटेनरचे ढीग, आणि मग उजवीकडे वळून समुद्राच्या कडेकडेनं नारळाच्या झाडांमधून रस्ता सरळ गावापर्यंत.

गाव म्हणजे काय, एक मुख्य रस्ता, चार गल्ल्या आणि जिकडंतिकडं सायकली. सकाळी बेकरीसमोर उभं राहिलात ना तर दहा मिनिटांत पाच भाषा कानावर पडतात. इटालियन जोडपं पिझ्झाचं दुकान चालवतंय, जर्मन माणूस योगा शिकवतोय, अर्जेंटिनाची पोरं सर्फबोर्ड घेऊन चाललीत, इस्रायली बॅकपॅकर आहेत, किराणा दुकान चिनी कुटुंबाचं आहे, ब्रिब्री आदिवासी बायका कोको विकायला आल्यात, आणि ओट्यावर बसलेले काळे आजी-आजोबा जमैकन धाटणीच्या इंग्रजीत बोलतायत. ट्रॅव्हल व्हिडिओवाले एवढं दाखवतात, काय मस्त कॉस्मोपॉलिटन गाव आहे म्हणतात आणि तिथंच थांबतात. मला त्या आजी-आजोबांबद्दल बोलायचंय, कारण त्यांच्याशिवाय हे गाव झालंच नसतं, आणि तिथं जाऊन त्यांच्याकडं न बघता परत येणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

शेजारी काविता नावाचं गाव आहे. तिथल्या उथळ पाण्यात दोन जुनी जहाजं बुडालेली आहेत. पिढ्यान् पिढ्या लोक ती चाच्यांची जहाजं समजायचे. मग गावातल्याच तरुण पोरापोरींनी डायव्हिंग शिकून ते अवशेष बघायला, मोजायला, नोंदवायला सुरुवात केली, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या पुरातत्त्व तज्ज्ञांनी तिथल्या विटा आणि लाकडाचे नमुने नेले. विटा पिवळ्या निघाल्या, त्या काळी डेन्मार्कसाठी फ्लेन्सबर्ग गावात बनायच्या तसल्या, आणि लाकूड बाल्टिक भागातलं, १६९० च्या दशकातलं. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ही डेन्मार्कची गुलामांची जहाजं आहेत, १७१० मध्ये इथं आलेली, खलाशांनी बंड केलं, एकाला आग लावली आणि दुसऱ्याचा नांगराचा दोर कापला. त्या जहाजांवर आफ्रिकेतून धरून आणलेली शेकडो माणसं होती आणि ती ह्याच किनाऱ्यावर उतरली. विचार करा, जी पोरं पाण्याखाली ते अवशेष मोजत होती ती कदाचित आपल्याच पूर्वजांचं जहाज मोजत होती.

माणसांची पुढची मोठी लाट आली रेल्वेमुळं. कॉफी युरोपला पाठवायची तर बंदर हवं, बंदरापर्यंत रेल्वे हवी. १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १८९० उजाडलं. मलेरिया, पिवळा ताप, दलदल, माणसं पटापट मरायची. जमैकातून मजूर आणले, चीनमधून आणले, इटलीतून आणले, आणि इटालियन मजुरांनी तर १८८८ मध्ये वाईट वागणुकीविरुद्ध संप केला आणि काम सोडून निघून गेले. जमैकन मात्र राहिले. पैसे मिळत नव्हते तेव्हा जमीन कसत राहिले, मग केळीच्या कंपनीत लागले. त्यांनी चर्च उभारली, इंग्रजी शाळा काढल्या आणि लिमोनमध्ये क्रिकेटच्या टीमसुद्धा काढल्या, फुटबॉलच्या देशात! आणि अजून एक सांगते, आपले लोकसुद्धा ह्या गोष्टीत आहेत. १८४५ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातले मजूर करारावर जमैकात नेले होते, त्यांच्यातली काही कुटुंबं पुढं लिमोनच्या बाजूला येऊन राहिली.

आता हे ऐका. १९३४ मध्ये केळीच्या कंपनीनं बागा पॅसिफिककडं हलवायला घेतल्या, आणि तेव्हा सरकारशी झालेल्या करारात असं घातलं होतं की तिकडं काळ्या मजुरांना कामावर घ्यायचं नाही. म्हणजे ज्यांनी रेल्वे बांधली, बागा लावल्या, त्यांनाच दार बंद. नागरिकत्वाचा रस्ता त्यांना नीट मोकळा झाला तो १९४८ च्या यादवी युद्धानंतर, १९४९ मध्ये. तोपर्यंत तिथंच जन्मलेली माणसंसुद्धा परदेशी म्हणून जगत होती.

मग ह्या किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केलं, तर कोको लावला. घरामागं कोको, पुढं मासेमारी, थोडे नारळ. आणि १९७९ च्या सुमारास मोनिलिया नावाची बुरशी आली. शेंगा झाडावरच सडायला लागल्या आणि बघताबघता बागांच्या बागा गेल्या. नेमकं त्याच सुमारास टुरिझम सुरू होत होतं. साल्सा ब्रावा नावाची एक भन्नाट लाट आहे गावासमोर, उथळ प्रवाळावर फुटते, पट्टीचे सर्फर सोडून कोणी तिच्या वाट्याला जाऊ नये, तिच्यासाठी सर्फर यायला लागले, त्यांच्या मागून हॉटेलवाले आले, आणि कोको गेलेल्या कितीतरी घरांनी स्वस्तात जमिनी विकल्या. त्यात कायद्याची भानगड वेगळीच. १९७७ च्या कायद्यानं भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा सरकारच्या ताब्यात गेला, पहिले पन्नास मीटर सगळ्यांसाठी खुले आणि पुढच्या दीडशेत परवानगी लागणार. कायद्याचा हेतू चांगलाच आहे, बीच कोणाच्या खाजगी मालकीचा होत नाही, ते मला मनापासून पटतं. पण ज्या घरांची वस्ती त्या पट्ट्यात कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती, ज्यांच्याकडं कागद नव्हते, त्यांचं काय? १९८५ मध्ये गांदोका-मान्सानियो अभयारण्य झालं आणि गावच्या गावं त्याच्या हद्दीत आली. तो झगडा अजून मिटलेला नाही.

म्हणून म्हणते, जाल तेव्हा पैसे कुठं खर्च करताय ते बघा. पिझ्झा छानच मिळतो, खा एकदा, पण जेवायला आफ्रो-कॅरिबियन कुटुंबाच्या खानावळीत जा. तिथं राईस अँड बीन्स मिळतं, राजम्याच्या जातीचे लाल दाणे आणि भात, दोन्ही नारळाच्या दुधात शिजवलेलं, आपल्या नारळीभाताच्या वासाची आठवण येईल पण गोड नाही, वरून थाइमची पानं आणि एक अख्खी पनामा मिरची, ती फुटू द्यायची नाही, नुसता वास उतरवायचा, फुटली तर जेवण जमणार नाही इतकी तिखट. जुन्या घरांत हे रविवारचं जेवण. दुसरं म्हणजे रोंदोन, नारळाच्या दुधातला माशांचा रस्सा, त्यात सुरणासारखे कंद, कच्ची केळी आणि नीरफणस. हो, आपल्या कोकणातला नीरफणस! माशांची आवड असणाऱ्यांनी हे सोडू नये, आणि ते सावकाश शिजतं त्यामुळं काही ठिकाणी सकाळीच सांगून ठेवावं लागतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं की भातात मांसाचं काही घातलंय का.

संध्याकाळी कॅलिप्सो, म्हणजे इथलं कॅरिबियन लोकसंगीत, कुठं वाजतंय का विचारा. कावितात वॉल्टर फर्ग्युसन नावाचे गायक होऊन गेले, जन्म १९१९ चा, २०२३ मध्ये गेले, १०३ वर्षांचे होऊन. स्वतः गाणी रचायची, घरी टेपरेकॉर्डरवर एकेक कॅसेट गाऊन भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विकायची. त्यामुळं त्यांची गाणी जगभर कोणाकोणाच्या घरी पडून होती, पुढं लोकांनी त्या कॅसेट शोधायची मोहीम काढली. २०१२ मध्ये लिमोनचा कॅलिप्सो देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाला.

आणि एक दिवस ब्रिब्री लोकांकडं जा, त्यांच्याच संस्थांमार्फत. योर्किन गावाला लाकडी होडीनं नदीतून जावं लागतं, तिथं बायकांनी स्वतःची संस्था काढून पाहुण्यांची सोय केलीय. ब्रिब्रींचं कूळ आईकडून चालतं आणि जमीनही तिच्याच बाजूनं येते. कोको त्यांना पवित्र, विधीचा कोको फक्त बायकांनी करायचा आणि कोकोचं लाकूड चुलीत घालायचं नाही.

बाकी बीच तर आहेतच. सायकल भाड्यानं घ्या आणि कोक्लेस, पुंता उवा करत मान्सानियोपर्यंत जा, साधारण तेरा किलोमीटर, सपाट रस्ता, डोक्यावर हाउलर माकडं ओरडतात आणि नीट बघितलं तर झाडाला लटकलेला स्लॉथ नावाचा संथ प्राणी दिसतो. पुंता उवाचं पाणी शांत असतं, कोक्लेसला मात्र ओढ फार आहे, लाल झेंडा असला तर उतरू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, बाकी देशात धो धो पाऊस असतो तेव्हा ह्या बाजूला ऊन असतं आणि समुद्रही निवळलेला.

काविता नॅशनल पार्कला गावाकडच्या गेटनं आत जा. १९९४ मध्ये सरकारनं परदेशी लोकांचं तिकीट एकदम वाढवलं तेव्हा टुरिस्ट येणार नाहीत म्हणून गावकऱ्यांनी पार्कच ताब्यात घेतलं होतं, आणि तेव्हापासून गाव आणि सरकार मिळून ते चालवतात. त्या गेटवर ठरलेलं तिकीट नाही, ऐच्छिक देणगी असते, हात आखडता घेऊ नका. प्रवाळ बघायला स्नॉर्कलिंग करायचं असेल तर स्थानिक गाईड घ्यावाच लागतो, तसा नियमच आहे, आणि तो गाईड बहुतेक काविताचाच असतो, त्याला त्या दोन जहाजांबद्दल जरूर विचारा.