लिली केनचा खुनी सहाव्या भागातच दिसला होता

[दृश्य : पोहण्याच्या तलावाचे निळे पाणी. आवाज नाही.]

3 ऑक्टोबर 2003. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नेपच्यून या गावात लिली केन या शाळकरी मुलीचा मृतदेह तिच्याच घरच्या तलावाकाठी सापडतो. डोक्यावर जड वस्तूचा घाव आहे. हे गाव नकाशावर सापडणार नाही, कारण ते ‘व्हेरोनिका मार्स’ या मालिकेसाठी रचलेले असून तिचे चित्रीकरण सॅन डिएगो परिसरात झाले. 22 सप्टेंबर 2004 रोजी यूपीएन या अमेरिकी वाहिनीवर पहिला भाग दाखवला गेला, आणि लिलीला कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर बावीस भागांनंतर, मे 2005 मध्ये मिळाले. मालिका अजून पाहिली नसेल, तर हे निवेदन इथेच थांबवावे. पुढे खुन्याचे नाव येणार आहे, आणि ते लपवून या विषयावर प्रामाणिकपणे काही बोलता येत नाही.

मालिकेचा निर्माता रॉब थॉमस याने टेक्सासमध्ये हायस्कूलच्या मुलांना पत्रकारिता शिकवली होती आणि किशोरांसाठी कादंबऱ्या लिहिल्या होत्या. ही कथाही आधी कादंबरी म्हणून त्याच्या मनात होती आणि तिचा नायक मुलगा होता. पुढे नायकाची नायिका झाली, आणि क्रिस्टन बेलने साकारलेली व्हेरोनिका पडद्यावर आली : लिलीची जिवलग मैत्रीण, लिलीच्या भावाची, म्हणजे डंकनची, एकेकाळची प्रेयसी, आणि गावचा शेरीफ कीथ मार्स याची मुलगी.

कीथने खुनाचा संशय थेट लिलीच्या वडिलांवर, जेक केनवर घेतला. जेक केन हा सॉफ्टवेअरच्या धंद्यातून अब्जाधीश झालेला माणूस, आणि अर्ध्या गावाची भरभराट त्याच्या कंपनीवर झालेली. गावाने मुदतीआधीच मतदान घेऊन कीथला पदावरून उतरवले, व्हेरोनिकाची आई घर सोडून गेली, आणि ज्या मुलांबरोबर ती काल डबा खात होती, त्या मुलांनी तिला टेबलावरून उठवले. या श्रीमंत मुलांना गावात ‘ओ-नाइनर’ म्हणतात, कारण त्यांच्या वस्तीचा पिनकोड 90909 आहे. माणसाची पत पिनकोडवरून ठरते ही गोष्ट मालिका भाषण करून सांगत नाही. शाळेच्या आवारात कोण कुठे बसते, एवढेच ती दाखवते.

[दृश्य : नांगर टाकून उभी असलेली एक जुनी हाउसबोट.]

पहिला भाग सुरू होतो तेव्हा खटला पोलिसांच्या लेखी संपलेला आहे. केन कंपनीतून काढून टाकलेल्या एबल कून्त्झ नावाच्या नोकराने गुन्हा कबूल केला आहे आणि तो फाशीच्या कोठडीत आहे. त्याच्या हाउसबोटीवर लिलीचे बूट सापडले, हा त्याच्याविरुद्धचा ठोस पुरावा. व्हेरोनिका मात्र खुनानंतर लिलीच्या खोलीत टिपलेली दृश्ये पुन्हा पाहते, आणि तिला तेच बूट त्या खोलीत पडलेले दिसतात.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. रहस्यकथेत सहसा हरवलेली वस्तू सापडते आणि त्यातून धागा मिळतो. इथे वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी आहे, म्हणजे मधल्या काळात ती कोणीतरी उचलून नेली आहे. प्रयोगशाळा नाही, बोटांचे ठसे नाहीत. एक मुलगी पडदा थांबवून जमिनीवर काय पडले आहे ते पाहते आणि अख्खा कबुलीजबाब खोटा पडतो. पोटाच्या कर्करोगाने मरणाला टेकलेल्या कून्त्झने आपल्या मुलीला पैसे मिळावेत म्हणून आळ अंगावर घेतला होता, आणि बूट तिथे पोहोचवण्याचे काम केन कंपनीचा सुरक्षा-प्रमुख क्लॅरन्स वाइडमन याने केले होते.

जेक केनने हे का केले, याचे उत्तर प्रेक्षकाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडते. डंकनला फिट्स येतात, त्या वेळी तो हिंसक होतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. त्यानेच बहिणीला मारले अशी आईबापांची समजूत झाली, आणि मुलगी गेली, निदान मुलगा तरी वाचावा, म्हणून त्यांनी पैसा ओतला. म्हणजे पांघरूण घातले गेले हे खरे होते, पण ज्याच्यासाठी घातले तो निर्दोष होता. माझ्या मते संपूर्ण रचनेतील सर्वांत हुशार भाग हाच, कारण कीथ मार्सचा संशय अर्धा बरोबर ठरतो आणि तरीही उत्तर त्याच्या हातून निसटते.

मधल्या भागांत संशय एकेका मुलाच्या खांद्यावर बसतो आणि उठतो. लिलीचा प्रियकर लोगन एकॉल्स खुनाच्या वेळी मेक्सिकोत असल्याचे सांगतो, पण तो त्या दिवशी गावात परतला होता असे निघते. मोटारसायकल टोळीचा म्होरक्या वीव्हिल याचे लिलीशी चोरून प्रेम होते. आपणही या मुलांकडेच पाहत राहतो, कारण किशोरवयीनांच्या मालिकेत मोठी माणसे ही सामानासारखी असतात. ती दार उघडतात, ओरडतात, गाडीची किल्ली काढून घेतात आणि दृश्यातून निघून जातात. त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

[दृश्य : कपाटात ओळीने टांगलेले चामडी पट्टे.]

आता सहाव्या भागाकडे परत जाऊ. लोगनचा बाप ॲरन एकॉल्स हा हॉलिवूडचा नट आहे, आणि हॅरी हॅमलिनने तो मोठ्या रुबाबात उभा केला आहे. लोगनच्या एका लाजिरवाण्या कृत्याची बातमी फुटल्यावर ॲरन त्याला घेऊन गोरगरिबांना जेवण वाढायला जातो, अर्थात छायाचित्रकारांसमोर. तिथे लोगन हसत हसत जाहीर करतो की आपले वडील पाच लाख डॉलर दान देणार आहेत. बापालाही हसावे लागते. त्याच रात्री घरी लोगन न सांगता कपाटाकडे जातो आणि टांगलेल्या पट्ट्यांतून एक पट्टा निवडून आणतो. कोणता निवडायचा हे तो जाणतो, त्याची बोटे चाचपडत नाहीत, आणि पुढे काय होणार ते सांगायला संवादाची गरज उरत नाही.

पुढे आपण ॲरनची बाहेरची लफडी पाहतो, नाताळच्या मेजवानीत अशाच एका स्त्रीकडून त्याच्यावर झालेला चाकूहल्ला पाहतो, स्वतःच्या मुलीवर हात उगारणाऱ्या तिच्या मित्राला त्याने केलेली अमानुष मारहाण पाहतो. त्या मारहाणीच्या वेळी तर आपण मनातून त्याच्या बाजूने असतो. राग, हात उगारण्याची सवय, बाहेरख्यालीपणा आणि प्रतिमा जपण्याची धडपड, सारे काही उघड्यावर मांडलेले होते. तरीही आपण त्याला लोगनचे दुःख समजून घेण्याचे साधन मानले.

शेवटच्या भागात व्हेरोनिकाला लिलीच्या खोलीतील हवेच्या झरोक्यात लपवलेल्या व्हिडिओ टेप सापडतात. आपल्या मुलाच्या प्रेयसीशी संबंध ठेवणाऱ्या ॲरनने ते छुप्या कॅमेऱ्यांनी टिपले होते, लिलीला त्याचा पत्ता लागला आणि तिने टेप पळवल्या. ती त्या परत देईना, तेव्हा त्याने रक्षापात्र, म्हणजे सिगारेटची राख झाडायचे जड भांडे, उचलले. यानंतरचा पाठलाग, गाडीच्या मागच्या सीटवर दबा धरून बसलेला खुनी, बंद फ्रिजमध्ये कोंडलेली व्हेरोनिका आणि आगीतून तिला बाहेर काढणारा कीथ, हे सारे थरारक असले तरी कोडे तोवर सुटलेले असते.

बाप खुनी निघण्याची ही एकटीच मालिका नव्हे. 1990 च्या ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामर या शाळकरी मुलीला मारणारा तिचा बापच होता, तिथे खुनी इतक्या लवकर सांगण्याची निर्मात्यांची इच्छा नव्हती, वाहिनीच्या दबावामुळे तो सांगावा लागला आणि पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. 2017 च्या ‘रिव्हरडेल’मध्ये जेसन ब्लॉसमला गोळी घालणाराही त्याचा बाप, आणि तिथेही उत्तर एका लपवलेल्या चित्रणातून मिळाले. या मुलांना कोडे सोडवण्यासाठी घराबाहेर फार लांब जावे लागत नाही. ‘व्हेरोनिका मार्स’चे वेगळेपण एवढेच, की तिने उत्तर ठरलेल्या हंगामात दिले आणि ते देण्यासाठी लागणारे सर्व काही आधी दाखवून ठेवले.

[दृश्य : न्यायालयाचा रिकामा पिंजरा.]

दुसऱ्या हंगामात खटला उभा राहतो, आणि कोडे सुटणे व गुन्हा सिद्ध होणे यांतले अंतर मालिका निर्दयपणे मोजते. त्या टेप लोगनने एका पोलिसाकडून विकत घेऊन पुसून टाकल्या आहेत, कारण लिलीची तसली चित्रे जगाने पाहावीत हे त्याला सोसणारे नाही. पुरावा नष्ट करणारा हात लिलीवर प्रेम करणाऱ्याचा आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बचावपक्षाचा वकील व्हेरोनिकाच्या खासगी आयुष्यावर चिखल उडवतो, आणि ज्यूरी ॲरन एकॉल्सला निर्दोष सोडते.

तो हॉटेलच्या खोलीत दूरदर्शन संच लावून बसलेला असताना क्लॅरन्स वाइडमन त्याला गोळी घालतो. लिलीचे बूट हाउसबोटीवर नेऊन ठेवणारा तोच वाइडमन. काम झाल्याचे तो फोनवरून कळवतो, आणि पलीकडे, ऑस्ट्रेलियातील एका समुद्रकिनाऱ्यावर, डंकन केन असतो. त्याच्याजवळ त्याची तान्ही मुलगी आहे. तिचे नाव त्याने लिली ठेवले आहे.