कानपूरच्या भंगारातली लिबरेटर

पडद्यावर दिसतंय ते बी-२४ लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर विमान. चार इंजिनं, दोन उभी शेपटं आणि जमिनीला टेकेल इतकं खाली आलेलं पोट. अमेरिकेनं अशी १८,००० हून जास्त विमानं बांधली.

लिबरेटरची खरी ताकद म्हणजे पल्ला. ऑक्टोबर १९४४. बंगालमधल्या दिग्री तळावरच्या ब्रिटिश १५९ स्क्वाड्रननं थेट मलायातल्या पेनांग बंदरात सुरुंग टाकले. जाऊन-येऊन ३,००० मैलांहून जास्त अंतर, बरंचसं समुद्रावरून.

पण हे विमान चालवणं जिवावरचं काम होतं. टाक्यांमधून झिरपणाऱ्या पेट्रोलची वाफ आत साचायची, मग एक ठिणगीही पुरे. बॉम्ब ठेवायच्या भागातून पुढं-मागं जायला एकच पट्टी, जेमतेम वीतभर रुंद. खालची दारं दुकानाच्या शटरसारखी सरकणारी आणि इतकी पातळ, की पाय घसरलेल्या माणसाचं वजन त्यांना पेलत नसे. १ ऑगस्ट १९४३ रोजी रुमानियातल्या प्लोएश्तीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर १७७ लिबरेटर निघाली. त्यातली पन्नासहून जास्त गमावली. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्टला, इंग्लंडमधल्या फ्रेकलटन गावी वादळात सापडलेलं एक लिबरेटर शाळेवर कोसळलं. ६१ माणसं गेली, त्यात ३८ मुलं.

युद्ध संपलं. भारतातली ब्रिटिशांची लिबरेटर कानपूरला गोळा झाली. ती अमेरिकेकडून उधारीच्या करारावर आलेली; काम संपल्यावर परत करा, नाहीतर निकामी करा, अशी अट. मग इंजिनांत वाळू ओतली, पत्रा फोडला, उपकरणं ठेचली. यातलं एकही पुन्हा उडू नये, हाच हेतू.

स्वतंत्र भारताला मात्र बॉम्बर हवं होतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे कारागीर कानपूरला पोचले. एकाचं इंजिन, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची काच, असं जुळवत त्यांनी एकेक विमान उभं केलं. तिथं डागडुजी बंगळूर गाठण्यापुरतीच. पक्कं काम तिकडच्या कारखान्यात. मधला प्रवास हवेतूनच! चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही ठिगळं लावलेली विमानं बंगळूरला नेली. सगळ्या हकिकतीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच धाडस. शत्रूच्या तोफा नव्हत्या, हे खरं; पण चारातलं कुठलं इंजिन कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरलाच ५ क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाची आली. तिच्याकडे काम होतं समुद्रावरच्या टेहळणीचं. तासन् तास पाण्यावर घिरट्या घालायच्या, तर लिबरेटरचा तो जुना पल्ला इथंही कामी आला. ज्यांना १९४६ च्या सुमारास मोडीत काढलं होतं, ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली.

अमेरिकेनं आणि ब्रिटननं आपली बहुतेक लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती. त्यामुळं पुढं संग्रहालयांना नमुना हवा झाला, तेव्हा त्यांना भारताकडं यावं लागलं. ॲरिझोनातल्या पीमा संग्रहालयाचं लिबरेटर १९६९ मध्ये पुण्याहून उडत गेलं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलंही भारतीय हवाई दलाचंच. आणि एक आपण दिल्लीला, पालमच्या संग्रहालयासाठी, राखून ठेवलं.