शेवटचे तीन मिलिमीटर

वरचा, समोरचा दात. कॅप शाबूत आहे. पण ओठ उचलला की हिरडीवर ही बारीक पुटकुळी दिसते. दाबली की पू येतो, चार दिवस बसते, पुन्हा वर येते.

या दाताचं रूट कॅनल जुनं आहे. आत धातूची पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेला आधाराचा खिळा, त्यावर कॅप. ते सगळं उपसायला गेलं तर मूळच चिरायची भीती. मग जो तो सांगतो, काढून टाक, नवा बसव. आमचं म्हणणं एवढंच, की काढायच्या आधी हे बघा. वरून वाट नसली तरी मुळाच्या टोकाकडून आहे. या शस्त्रक्रियेला एपिकोएक्टॉमी म्हणतात.

एक्स-रेमधला टोकाजवळचा काळा डाग म्हणजे संसर्गानं झिजलेलं हाड. हिरडी बधिर करून तिचा पदर वर उचललाय. पाण्याच्या फवाऱ्याखाली हाडाला जेमतेम चार-पाच मिलिमीटरची खिडकी पाडली जाते. खरवडून निघालेला हा लालसर गोळा तपासणीला जाईल.

आता मायक्रोस्कोपमधून पाहू. टोक कापायचं ते तीन मिलिमीटर. मुख्य नळीला फुटलेले बारीक फाटे बहुतेक इथेच असतात. जंतू तिथे दडून बसतात आणि रूट कॅनलच्या फाइली, म्हणजे नळी घासायच्या बारीक सुया, तिथवर पोचत नाहीत. पूर्वी नीट दिसावं म्हणून हा छेद तिरका, 45 अंशांपर्यंत घ्यायचे. आता मसुरीएवढे आरसे आलेत, त्यामुळे तो जवळजवळ सरळ घेतात. दात तेवढाच जास्त वाचतो.

मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावलाय. कडेचं निळं वर्तुळ असायचंच. पण मधल्या जुन्या भरणाला लागून ती निळी चंद्रकोर दिसतेय? गळती तिथून होती.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी कोरणाऱ्या, हत्यारानं मुळाच्या आत तीन मिलिमीटर खोल खळगा कोरला. त्यात भरतायत ते एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट), घर बांधायच्या सिमेंटच्याच कुळातलं. ओलाव्यातच घट्ट होतं, म्हणून इथे चालतं. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी ते दातांसाठी पुढे आणलं.

केसासारखे बारीक टाके. दोन-तीन दिवस सूज राहते, हाड भरायला काही महिने ते वर्ष लागतं. मूळ उभं चिरलेलं असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

हा वर्षानंतरचा एक्स-रे. काळा डाग भरून आलाय.

आणि हा पेरू. समोरच्या दातांनी.