एक मिनिट बोलायचं नाही

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य: इंग्लंडमधलं स्विंडन, पहाटे सव्वासहा. बसथांबा. पहिली वीस सेकंदं निवेदन नाही, फक्त गाड्यांचा आवाज.)

रात्रपाळी सुटते तेव्हा इथे उजाडलेलं नसतं. गोदामातून बाहेर पडणाऱ्यांच्या अंगावर झगझगीत पिवळी जाकिटं. थांब्यावर उभं राहून नीट ऐकलं तर कोंकणी ऐकू येते.

लंडनहून रेल्वेनं तासाभरावर असलेल्या स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये येऊन काम करता यायचं. पुष्कळ जण आले, गोदामांत लागले, इथलेच झाले.

आम्ही जिचं चित्रण केलं ती ही, गोव्यातल्या डिचोलीची. नाव नको म्हणाली, म्हणून नाव नाही. वय ३८. शाळेत खो-खो खेळायची. बस सुटायला लागली की अजूनही खो मिळाल्यासारखी उठते. हे आम्ही मुद्दाम करून घेतलेलं नाही, पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात आलं.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर कुकर, त्याच्या शेजारी लॅपटॉप. फ्रीजवर चिकटवलेला कागद, जवळून.)

कागदावर फक्त तारखा आहेत. ‘टीएमए ०१’, ‘टीएमए ०२’. टीएमए म्हणजे स्वाध्याय. लिहायचा, ट्यूटरकडे पाठवायचा, शेरे आणि गुण घेऊन तो परत येतो. ती ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत खेळ आणि तंदुरुस्ती या विषयाची पदवी करते आहे. पहिल्या टप्प्यात व्यवस्थापनाचाही भाग आहे. पदवीला ३६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. पूर्णवेळ शिकणारा वर्षाला १२० करतो, ही ६० करते. सहा वर्षांचा हिशेब.

प्रवेशाच्या वेळी तिला बारावीचे गुण कुणी विचारले नाहीत. या विद्यापीठात बहुतेक पदव्यांना पूर्वीची कुठलीही परीक्षा पास असण्याची अट नाही. आपल्याकडच्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत.)

मजूर पक्षाचे नेते आणि पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगोच्या भाषणात हवेतल्या विद्यापीठाची कल्पना मांडली. रेडिओ, टीव्ही आणि टपाल यांवर चालणारं विद्यापीठ. ती प्रत्यक्षात आणली जेनी ली यांनी. स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची ही मुलगी विल्सन यांच्या सरकारात मंत्री होती. हुजूर पक्षाच्या आयन मॅक्लाउड यांनी हा सगळा निव्वळ खुळचटपणा ठरवला होता. १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी या नावानं सनद मिळाली, जानेवारी १९७१ मध्ये पहिली तुकडी शिकायला बसली. बीबीसीवर भल्या पहाटे आणि अपरात्री तास लागायचे. टीव्हीवरचे हे अभ्यासक्रमाचे तास २००६ पर्यंत चालू होते.

पण आम्हाला त्या इतिहासात सगळ्यात आवडली ती एक पेटी. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचं सामान घरपोच यायचं. त्यात तळहातावर मावेल असा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शक असायचा. प्रयोगशाळेत येता येत नाही ना, मग प्रयोगशाळाच तुझ्या स्वयंपाकघरात. खेळासारखा अंगमेहनतीचा विषय घरबसल्या कसा शिकणार, असं विचारणाऱ्यांना आम्ही या पेटीकडे बोट दाखवतो. हिच्या पेटीत काय आहे ते पुढे येईल.

(दृश्य: रेल्वे व्हिलेज, रेल्वे कामगारांची जुनी वस्ती. दगडी घरांच्या रांगा. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची बंद, पडकी इमारत, खालून वर.)

कामावरून सुटून शिकणं या गावाला नवीन नाही. स्विंडन हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यानं वसवलेलं गाव. कारखान्यातल्या कामगारांनी इथे स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तिची ही इमारत १८५५ मध्ये उभी राहिली. वाचनालय, व्याख्यानं, संध्याकाळचे वर्ग. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये, पगारातून वर्गणी कापून कामगारांनी वैद्यकीय निधी उभारला. त्याच निधीतून १८९२ मध्ये पोहण्याचे तलाव आणि पुढे स्नानगृहं बांधली गेली. शिक्षण आणि व्यायाम, दोन्ही कामगारांच्या खिशातून.

ती रोज या पडक्या इमारतीवरून बसनं जाते. आम्ही सांगेपर्यंत तिला ती कसली आहे हे ठाऊक नव्हतं.

(दृश्य: रविवार. सभागृह. प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाजूला सारल्या जाताना.)

ही तिची प्रयोगशाळा. सहा बायका, सगळ्या ओळखीपाळखीच्या. कुणी गोदामातल्या, कुणी त्यांच्या सासवा. इथे जमायला एक सरळ कारण आहे. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेहाचा धोका तुलनेनं कमी वजनावरच सुरू होतो. त्यामुळे ब्रिटनमध्ये इतरांसाठी वजन-उंचीच्या निर्देशांकाची (बीएमआय) धोक्याची रेघ २५ वर असली तरी आपल्यासाठी ती २३ वर धरतात. हे तिनं पुस्तकात वाचलं आणि पहिल्यांदा स्वतःचं वजन केलं.

आणि ही तिची पेटी: एक स्टॉपवॉच, शिंप्याची टेप, एक वही.

(दृश्य: मनगट. दोन बोटं. अगदी जवळून.)

नाडी बघताना अंगठा वापरायचा नाही. अंगठ्यात स्वतःचीच नाडी असते, मग आपण आपलेच ठोके मोजत बसतो. पहिलं आणि मधलं बोट. घड्याळ सुरू. “एक मिनिट बोलायचं नाही.”

समोरच्या काकी ७० वर्षांच्या. एक मिनिट न बोलणं त्यांना जमत नाही. तीनदा पहिल्यापासून. हा भाग आम्ही कापलेला नाही.

(इथे निवेदन थांबवायचं. मूळ आवाज, पन्नास सेकंद.)

बसल्या जागी ७८. आता व्यायामात ही नाडी किती चढू द्यायची? जिमच्या भिंतीवर सापडणारं सूत्र सोपं आहे: कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय. काकींसाठी १५०. पण ते फार ढोबळ, आणि वय वाढेल तसं जास्त चुकणारं. २००१ मध्ये संशोधकांनी दुसरं सुचवलं: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. त्यानं १५९ येतात. मध्यम व्यायाम म्हणजे कमाल ठोक्यांच्या साधारण ६४ ते ७६ टक्के. पहिल्या सूत्रानं काकींनी ११४ वर थांबायचं, दुसऱ्यानं १२० पर्यंत जायला हरकत नाही. चाळिशीच्या बाईला दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, १८०. म्हणूनच तरुण ट्रेनरला हा फरक कधी जाणवत नाही.

वहीत हे सगळं मांडून झाल्यावर ती पेन खाली ठेवते आणि विचारते, “काकी, गोळी खंयची घेता?”

(दृश्य: काकींची पिशवी. रुमाल, चावी, बसचा पास, शेवटी गोळ्यांची पट्टी.)

बीटा ब्लॉकर. रक्तदाबासाठी बऱ्याच जणांना देतात. ही गोळी हृदयाचे ठोके फारसे चढू देत नाही. म्हणजे काकी पार दमल्या तरी घड्याळ म्हणणार, अजून वाव आहे. दोन्ही सूत्रं बाद.

मग बोर्ग. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं श्रम मोजण्याची एक पट्टी केली: किती दमलात ते तुम्हीच सांगा, ६ ते २० मधला आकडा. ६ पासून का? कारण आकड्याला दहानं गुणलं की निरोगी माणसाची नाडी साधारण कळते. ६ म्हणजे ६०, आरामात. २० म्हणजे २००, जीव खाऊन. गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत हा गुणाकार सोडून द्यायचा, पण पट्टी उपयोगी पडतेच. दम लागला की नाही हे माणसाचं माणसाला कळतं.

तिनं ही पट्टी जाड पुठ्ठ्यावर कोंकणीत उतरवली आहे. १३ समोर लिहिलंय ‘थोडें जड’. १५ समोर आधी काहीतरी लिहून खोडलेलं दिसतं. काकींनी खुर्चीवरून उठण्या-बसण्याची दुसरी फेरी संपवली, हात वर केला आणि म्हणाल्या, “पुरो गो बाये.” आता १५ समोर पेन्सिलीनं तेच आहे.

वर्गात बसून हे शिकता आलं असतं का? सूत्र आलं असतं. गोळ्यांची पट्टी पिशवीतून निघाली नसती. ऑनलाइन तास असतात, ट्यूटर असतो, पण हेडफोन लावून बसलेल्या माणसाचं चित्रण किती दाखवणार?

(दृश्य: ओअॅसिस. काचेचा मोठा घुमट, भोवती कुंपण. हवेतून.)

व्यवस्थापनाचा पाठ असा दिसतो. ओअॅसिस क्रीडासंकुल १९७६ मध्ये उघडलं. घुमटाखाली पोहण्याचा तलाव, आत झाडं. ओअॅसिस या बँडनं नाव घेतलं ते इथलंच. २०२० मध्ये बंद झालं, पुढच्या वर्षी इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. तलावाचं गणित निर्दय असतं: पाणी तापवायचं, जीवरक्षक उभे करायचे, मग पोहायला चार जण येवोत की चारशे. तिच्या वहीतही तेच गणित आहे, फक्त लहान. सभागृहाचं भाडं तासाला १८ पौंड, माणशी ३. सहाजणी आल्या की बरोबरी. मागच्या रविवारी पाऊस होता, चौघी आल्या. सहा पौंड तिच्या खिशातून. पुस्तकात याला स्थिर खर्च म्हणतात. ती म्हणते, “पावसाचो खर्च.”

आपल्याकडे अशा शिक्षणाला एक शब्द आहे, बहिःस्थ. म्हणजे बाहेर उभा असलेला. दिल्लीचं इग्नू १९८५ चं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू, ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. इतकी वर्षं झाली, लाखो शिकले, तरी लग्नाच्या बोलणीत कुणीतरी विचारतंच: “रेग्युलर की बाहेरून?” तिलाही फोनवर घरून हेच विचारलं गेलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून आमच्याकडे आहे. तिचा चेहराही आहे.

(दृश्य: चेहरा. सात सेकंद. निवेदन नाही.)

बाकीचं थोडक्यात. फी कर्जावर आहे. वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातील. जिममध्ये प्रशिक्षक व्हायला प्रात्यक्षिकाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते अजून घ्यायचं आहे. दूरशिक्षणात मध्येच सोडणारे पुष्कळ असतात, तिच्या ओळखीतल्या दोघींनी सोडलं. झोप पाच तास.

(दृश्य: रविवार रात्र. डबा भरला जातो. पिवळं जाकीट. बोर्गचा पुठ्ठा दुमडून जाकिटाच्या खिशात.)

पाळी दहाला सुरू होते. स्वाध्याय गुरुवारी दुपारी बाराला बंद होतो. तीनशे शब्द झालेत, हजार व्हायचेत.

(दृश्य: बस येते. ती धावते.)