बस म्हणजे नुसता 'ना'

नमस्कार मंडळी! मला दहाच मिनिटं दिलीयेत, म्हणून शब्दही दोनच अक्षरांचा निवडलाय, 'बस'.

आपण धरून चालतो की हा शब्द इंग्रजी, पण तो आहे लॅटिन, आणि गंमत म्हणजे तो अख्खा शब्द नाहीच, नुसतं शेपूट आहे. मूळ शब्द ऑम्निबस, म्हणजे 'सर्वांना', 'सर्वांसाठी'. त्यातला 'सर्व' गेला ऑम्निकडे आणि उरलेला 'बस' हा चतुर्थीचा अनेकवचनी प्रत्यय. शाळेत स-ला-ना-ते घोकलंय ना, त्यातला 'ना'! म्हणजे स्टॉपवर उभे राहून आपण एकमेकांना विचारतोय, "ना आली का हो?" आणि ज्यांनी संस्कृत घेतलं होतं त्यांनी देवाय देवाभ्याम् देवेभ्यः आठवा, त्यातला भ्यः हा या बसचा चुलतभाऊच.

गाडीला हे नाव पडलं फ्रान्समधल्या नान्त शहरात, 1826 च्या सुमारास. स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थांचं गावाबाहेर गरम पाण्याचं स्नानगृह होतं, गिऱ्हाईक यावं म्हणून त्यांनी घोडागाडी सुरू केली, तर लोक आंघोळ राहिली बाजूला, मधेच उतरून आपापल्या कामाला जायला लागले, मग यांच्या लक्षात आलं की धंदा पाण्यात नाही, गाडीत आहे! (तिथल्या ऑम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या 'ऑम्नेस ऑम्निबस' अशा पाटीवरून नाव उचललं असंही सांगतात. गोष्ट झकास आहे, मला ती जरा जास्तच झकास वाटते.) पुढे 1828 ला पॅरिस, 1829 ला लंडन.

पण 'सर्वांसाठी' हे नाव साधं नाही हं. 1662 मध्ये पॅरिसमध्येच पास्कालने, हो तोच गणितवाला, ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या भाड्यात घोडागाड्या चालवायची योजना काढली होती, गाड्या धावल्याही, पण सैनिक, नोकरचाकर, मजूर यांना चढायलाच बंदी, आणि काही वर्षांत सगळं बंद पडलं.

नंतर लोकांनी बोलताना ऑम्निबसचा 'सर्व' खाऊन टाकला आणि नुसता 'ना' ठेवला. आणि त्या 'ना'ला पुढे काय काय चिकटलं बघा, ट्रॉलीबस, एअरबस, शिवाय इलेक्ट्रिकलवाल्यांचा बसबार, म्हणजे सगळ्या सर्किटांना वीज वाटणारी पट्टी, तोही मूळचा ऑम्निबस बारच. मिनीबसचा अर्थ तर व्याकरणाने 'छोट्यांना' एवढाच निघतो, छोट्यांना काय, ते विचारू नका!