दुसरीतच हात धरला असता तर

हर्णै बंदर, लिलावाचा गलका चाललाय. हा पोरगा नऊ वर्षांचा, टोपलीत नुसतं डोकावून सांगतो सौंदाळा कुठला नि सुरमई कुठली, ताजी कुठली नि बर्फातली कुठली. तोच पोरगा शाळेत पुस्तक उघडून बसतो तेव्हा 'समुद्र' या शब्दावर अडतो. स... मु... आणि द्र आला की गप्प. बोट तिथंच, नजर खिडकीबाहेर.

चौथीत आहे. जोडाक्षरं शिकायची राहून गेली ती दुसरीत. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, बाप बोटीवर जातो, आई मासळी घेऊन गावोगाव फिरते, मग संध्याकाळी पुस्तक घेऊन बसवणार कोण? शाळेत बाई दोन आणि वर्ग चार, त्यामुळे बाईंना दोष द्यायला माझं मन होत नाही.

अशा मुलांसाठी काय करता येतं ते मुंबईत करून झालंय. 'प्रथम' संस्थेची बालसखी, म्हणजे वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, ती मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची, वाचन आणि साधी गणितं, बास. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आणि वडोदऱ्यात त्याचा परिणाम मोजला, २००७ साली छापलं. खर्च एका मुलामागे वर्षाला साधारण सव्वादोन डॉलर, तेव्हाचे शंभरेक रुपये! आणि मार्क वाढले ते जास्त करून तळातल्या मुलांचे.

पण वर्षभराने परत बघितलं तर बराचसा फायदा ओसरलेला. म्हणून मला वाटतं एक वर्ष शिकवून सोडून देणं हे अर्धंच काम आहे.

आणि किंमत नुसती पैशात नसते हो. पोरगा वर्गातून उठून वेगळा बसला की बाकीची पोरं 'ढ' म्हणतात, ते त्याला लागतं, खूप लागतं. तरी उशीर जास्त महाग पडतो, कारण सहावीत इतिहास काय नि विज्ञान काय, सगळं वाचूनच कळायचं असतं, ते जमत नाही मग खाडे वाढतात, मग शाळा सुटते आणि पोरगा बोटीवर. तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं म्हणून २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, मुदत २०२६-२७ ची. या पोराची तिसरी तर गेली.

आज बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं, 'कुर्ल्या', म्हणजे खेकडे. तो क्षणभर बघत राहिला.

"कुर्ल्या!"

मग 'तिसऱ्या', म्हणजे शिंपल्या. तेही वाचलं, हसत. बाईंनी त्याचं बोट धरून ऱ्या वर ठेवलं, परत म्हणायला लावलं. 'समुद्र' उद्या घेऊ म्हणाल्या, खिचडीची घंटा झाली होती.